सरंजामे घराण्याचे उत्कर्षपर्व

रविवार, २८ डिसेंबर

थोर पुरुष दैनंदिनी लिहितात ती पुढील इतिहासकारांची सोय व्हावी म्हणून. माझ्या वाट्याला इतिहासकार येण्याची शक्यता अल्प असल्याने ते कार्यही मलाच करावे लागत आहे. आज दुपारी मटार सोलत असताना मी निर्णय घेतला: मयूर विहारातील आमच्या नवकल्प सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या अध्यक्षपदाची निवडणूक मी लढविणार.

"लढवा की," चेतना म्हणाली. "पण आधी मटार संपवा."

धर्मपत्नीचा पाठिंबा येथे नोंदवून ठेवतो.

हा निर्णय आकस्मिक नव्हे. आमचे मूळपुरुष गिरजोजी सरंजामे पानिपतावर सरदार म्हणून गेले आणि शरणार्थी म्हणून बाहेर पडले. घोडा, तलवार, पालखी आणि उजव्या पायातील जोडा एवढे सर्व तेथेच राहिले. एका जाट जमीनदाराच्या गोठ्यात त्यांना आश्रय मिळाला, आणि त्या गोठ्यातच घराण्याला आपला खरा गुण सापडला. गिरजोजी लोकांचे अर्ज लिहून देऊ लागले. त्यांचे नातू एका संस्थानाच्या दरबारी वकील झाले. पुढे एक न्यायाधीश, मग एक मुन्सफ, मग एक नायब तहसीलदार, मग माझे वडील कै. तात्याराव एका मंत्रालयात अधीक्षक, आणि सांप्रत मी, दुसऱ्या एका मंत्रालयाच्या विधी शाखेत अवर सचिव. तलवारीने गमावलेले आम्ही कायद्याने आणि राजपदाने परत मिळवीत आलो. पदे पिढीगणिक किंचित आटत गेली हे खरे, परंतु परंपरा अखंडित आहे.

शिवाय आईचा प्रश्न आहे. आमची इमारत चार मजली असून उद्वाहनविरहित आहे. (उद्वाहन म्हणजे लिफ्ट. हे माझी कन्या अक्षया हिच्यासाठी. ती कायद्याच्या तृतीय वर्षात आहे, परंतु दिल्लीत वाढल्याने परवा तिला 'उंबरठा' हा शब्द आठवेना.) आम्ही सर्वांत वर, तिसऱ्या मजल्यावर. आई एकोणऐंशी वर्षांची. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून तिच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे. तेव्हापासून ती खाली गेलेली नाही. उतरविता येईल, पण परत चढविणार कोण? पूर्वी सकाळचा चहा ती भाजीवाल्याशी भांडून झाल्यावरच घेत असे. आता सज्ज्यात बसून खालच्यांचे भांडण ऐकते. ऊन तिच्यापर्यंत येते. माणसे येत नाहीत.

मी अध्यक्ष झालो की उद्वाहन होईल. कुळाची प्रतिष्ठा वाढेल ती वेगळीच.

गुरुवार, १ जानेवारी

धुके. शिष्टाचारानुसार प्रतिस्पर्ध्यास युद्धाची पूर्वसूचना देण्यासाठी तळमजल्यावर गेलो. वर्तमान अध्यक्ष दिलीप तनेजा हे पडदे, चादरी आणि ब्लँकेटे यांचे व्यापारी. स्वभाव मोकळा, आवाज त्याहून मोकळा.

"तनेजाजी, मैं अध्यक्ष पद हेतु प्रत्याशी हूँ।"

"हेतु?" ते म्हणाले. मग त्यांना उलगडा झाला. "अच्छा, इलेक्शन! बिल्कुल खड़े हो जाओ जी। हैप्पी न्यू ईयर। चाय पियोगे?"

चहा घेतला. युद्धनीतीत चहास मनाई नाही.

उद्वाहनाचा विषय त्यांनीच काढला. मागील समितीच्या आराखड्यात ते इमारतीच्या पुढील बाजूस, नेमके त्यांच्या वडिलांच्या खिडकीसमोर दाखविले आहे. वडील, म्हणजे सर्वांचे बाऊजी, पंच्याऐंशीच्या पुढचे आहेत. हिवाळाभर ते त्या खिडकीलगतच्या ओट्यावर उन्हात बसून शेंगा खातात.

"वहाँ लिफ्ट खड़ी कर दी तो बाऊजी की धूप गई। मुझे लिफ्ट से दुश्मनी नहीं, भाईसाहब। पीछे लगवा लो, मैं अभी साइन करता हूँ।"

मागे! मागे माझी रथशाला आहे. रथशाला म्हणजे मी स्वखर्चाने उभारलेले पत्र्याचे छप्पर, आणि त्याखाली कै. तात्यारावांची स्कूटर. ती चालत नाही, परंतु वारसा चालविण्यासाठी नसतोच. ऊन हे केवळ निमित्त आहे, हे माझ्या तत्काळ ध्यानात आले. मनुष्य स्वतःच्या क्षुद्र सोयीसाठी लोकहित कसे अडवितो, याचे हे उदाहरण.

निघताना घराण्यांचा विषय झाला. तनेजा फाळणीत पश्चिम पंजाबातील झंगहून निर्वासित झाले. सरकारने त्यांना पानिपतात वसविले, तेथे बाऊजींनी हातमाग घातले. म्हणजे ज्या पानिपताहून आम्ही पळालो त्याच पानिपताला ते पळत आले. निर्वासितांच्या ज्येष्ठतासूचीत आम्ही त्यांना पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी वरिष्ठ आहोत, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले.

"वाह!" तनेजा म्हणाले. "तब तो अब तक सेटल हो गए होगे।"

यावर उचित प्रत्युत्तर मला दुसऱ्या मजल्यावर सुचले, तोवर विलंब झाला होता.

रविवार, ४ जानेवारी

एक चिंताजनक बाब. आई सज्ज्यातून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते. त्यातून भाजी वर येते, हे जुनेच. परंतु आज टोपलीतून शेंगा आल्या. भाजलेल्या, कागदाच्या पुडीत, शिवाय गजकचे, म्हणजे इकडच्या तिळाच्या चिक्कीचे, तुकडे. आमचा भाजीवाला गजक विकत नाही.

खाली डोकावून पाहिले तर ओट्यावर बाऊजी अत्यंत निरागस मुद्रेने आकाशाकडे पाहत होते.

"आई, शत्रुपक्षाकडून रसद स्वीकारणे राजनीतीत बसत नाही."

"राजनीती असू दे. गजक ताजी आहे, घे."

"तुमचे काही संभाषण होते का?"

"काय होणार? ते वर बघून ओरडतात, मी खाली बघून ओरडते. अर्धं त्यांना ऐकू येत नाही, अर्धं मला कळत नाही. बरं चाललंय."

बाऊजी आईकडून आमची रणनीती काढून घेत असावेत. आईला सावध केले. तिने टोपलीत शेंगांच्या मोबदल्यात लसणाची चटणी घालून खाली सोडली.

मंगळवार, ६ जानेवारी

हे पान लिहिताना हस्ताक्षर स्थिर ठेवण्याचा प्रयत्न करीत आहे.

माझे नामनिर्देशन फेटाळले गेले. निवडणूक अधिकारी म्हणून नेमलेल्या सेवानिवृत्त गृहस्थांनी चष्मा पुसला आणि सौम्यपणे म्हटले, "सरंजामे साहब, आप तो मेंबर ही नहीं हैं।"

मी हसलो. ते हसले नाहीत.

सत्य असे की सदनिका तात्यारावांच्या नावे होती. त्यांच्या पश्चात ती आईच्या नावे झाली. ते हस्तांतरण मीच केले होते, आणि विधी शाखेतील माझ्या संपूर्ण अनुभवाचा उपयोग करून ते इतके निर्दोष केले होते की त्यात कोणालाही शिरायला फट राहू नये. कोणालाही, यात मीही आलो. अकरा वर्षे मी वार्षिक सभांत बोललो, ठराव मांडले, उपसूचना दिल्या, सभात्याग केला. हे सर्व मी पाहुणा म्हणून केले.

"बाबा, तुला माहीत नव्हतं?" अक्षयाने विचारले. "यार, तू लॉ मिनिस्टरला नोट्स पाठवतोस."

"मी लिहितो. ते वाचतात की नाही हा वेगळा प्रश्न आहे. आणि ते मंत्रालय वेगळे."

"मग आजीलाच उभं कर ना."

चेतना पोळी लाटत होती. लाटणे क्षणभर थांबले. मग म्हणाली, "अहो, मी आईंना कालच म्हटलं होतं."

काल? काल तर नामनिर्देशन फेटाळले गेलेले नव्हते. चेतनाचा काळाचा हिशेब नेहमीच थोडा सैल असतो.

बुधवार, ७ जानेवारी

रात्रभर चिंतन केल्यानंतर मला स्वतंत्रपणे असे सुचले की आईला उभे करावे. इतिहासात राजमातेच्या नावे राज्यकारभार चालविणारे कर्तबगार कारभारी पुष्कळ झाले. सिंहासनावर आई, पडद्याआड मी. योजना आईस विशद केली.

ती वाटाणे निवडत होती. "म्हणजे मी अध्यक्ष आणि तू काय?"

"मी तुझा आवाज."

"मला आवाज आहे. टोपली सोडताना अख्ख्या ब्लॉकला ऐकू जातो." मग थोड्या वेळाने, "गुणवंत, खरं सांग. लिफ्ट होईल?"

"आई, कुळाच्या प्रतिष्ठेचा..."

"कूळ राहू दे बाजूला. मला एकदा खाली जाऊन मटाराच्या शेंगा हाताने दाबून बघायच्यात. तुम्ही आणता त्या आत पोकळ असतात."

मी होईल म्हणालो. तिने सही केली. अहिल्याबाई तात्याराव सरंजामे. अक्षर अजून माझ्यापेक्षा चांगले आहे.

रविवार, ११ जानेवारी

प्रचार. मी जाहीरनामा सिद्ध केला: 'अभ्युदयपत्रिका', सात पृष्ठे, हिंदीतून, परिशिष्टांसह. प्रत्येक घरी स्वहस्ते दिला. सायंकाळी सुरक्षारक्षक त्यावर समोसा ठेवून खाताना आढळला. जनतेपर्यंत साहित्य पोहोचत आहे.

आईचा प्रचार अशास्त्रीय आहे. उमेदवारास खाली जाता येत नाही, म्हणून ती मतदारांना वर बोलावते. दिवसभर लोक धापा टाकीत येतात. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्यांच्यात बोलण्याचे त्राण नसते, आई त्यांना पाणी देते, थालीपीठ देते, आणि एकच प्रश्न विचारते: "आपके घर में ऊपर कौन अटका है?"

आणि काय आश्चर्य, प्रत्येकाच्या घरी कोणीतरी वर अटकलेले असते. दुसऱ्या मजल्यावरील नायरसाहेब श्वासाच्या विकारामुळे मेट्रोपर्यंत गेलेले नाहीत. शुक्लांची आई गाझियाबादला धाकट्या मुलाकडे राहते, कारण तेथे तळमजला आहे. तिला तेथे अजिबात करमत नाही. आईला हे सर्व पूर्वीच ठाऊक होते, कारण हे सगळे वरचे लोक दुपारी एकमेकांना फोन करतात. मला वाटे ती देवाचे ऐकते.

एकाही मतदाराने माझ्या परिशिष्टांविषयी विचारले नाही.

बुधवार, १४ जानेवारी

आजचा दिवस आमच्या घराण्यात सुतकाचा. गिरजोजींपासून संक्रांतीला आमच्याकडे तिळगूळ होत नाही, नवे वस्त्र होत नाही, हळदीकुंकू होत नाही. दरवर्षीप्रमाणे नैमित्तिक रजा टाकून पानिपतास गेलो आणि रणभूमीवर नतमस्तक झालो. महाराष्ट्रातून आलेले पुष्कळ लोक होते, घोषणा होत होत्या. परतताना बाजारातून एक ब्लँकेट घेतले. पूर्वजांनी तेथे सर्वस्व गमावले. मी दरवर्षी तेथून एक ब्लँकेट आणतो. घरात आता एकवीस झाली आहेत. हळूहळू भरपाई होत आहे.

सायंकाळी घरी आलो तर घरात तिळाचा वास!

आईने तिळगूळ केला होता. केवळ केला नव्हता, टोपलीतून तळमजल्यावर पाठविला होता. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

"आई! गिरजोजी!"

"गिरजोजींना मी पाहिलेलं नाही. बाऊजींना पाहते. त्यांनी सकाळी विचारलं, आज आपके यहाँ क्या बनता है? मी म्हटलं, कुछ नहीं बनता, हमारे लोग आज पानिपत में मरे थे." मग म्हणाली, "ते म्हणाले, बीबी जी, हमारे लोग रास्ते में मरे थे. कौन-से दिन, पता ही नहीं. तो हम रोज़ खा लेते हैं."

"मग?"

"मग काय. तीळ होते घरात."

मला यातील राजकीय डाव अद्याप नीट उमगलेला नाही. बाऊजी दिसतात तितके साधे नाहीत. तिळगूळ मात्र उत्तम झाला होता. केवळ परीक्षणार्थ तीन खाल्ले.

गुरुवार, २२ जानेवारी

वज्राघात. तनेजांनी निवडणूक अधिकाऱ्यांपुढे नियम ठेवला: उमेदवाराने सर्वसाधारण सभेस प्रत्यक्ष उपस्थित राहून संमती द्यावी, अन्यथा उमेदवारी रद्द. सभा खाली, हिरवळीवर. आई वर.

मी अपवाद, समन्याय, नैसर्गिक न्याय आणि मानवता या चारही आधारांवर पाऊण तास युक्तिवाद केला. अधिकारी म्हणाले, "बहुत सुंदर बोले। रूल रूल है।"

तनेजांना जिन्यात गाठले. "तनेजाजी, यह क्षात्रधर्म नहीं है।"

"भाईसाहब, मैं तो पढ़ के सुना रहा था, मुझे क्या पता था ये मान ही जाएँगे।" त्यांचा चेहरा उतरला होता. "सुबह से बाऊजी मुझसे बात नहीं कर रहे। नाश्ता भी उल्टे मुँह बैठ के किया।"

पराभूताच्या घरी अंतःकलह. हे चिन्ह शुभ आहे.

आईला भीत भीत सांगितले. ती गुडघ्यावरून हात फिरवीत राहिली.

"खाली उतरणं म्हणजे एकदाच उतरणं," ती शेवटी म्हणाली. "परत चढणं माझ्याच्यानं व्हायचं नाही, गुणवंत. मागच्या वेळी तू आणि तो वॉचमन, दोघांनी मला आणलं, तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. मला पोतं झाल्यासारखं वाटलं."

मी युक्तिवाद न करता तिच्या पायांवर नवे ब्लँकेट पांघरले. हे मी येथे नोंदवितो, कारण असे वारंवार होत नाही.

रात्री आई आणि चेतना स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजत होत्या. मी गेल्यावर चेतना म्हणाली, "काही नाही, औषधांचं बघतोय."

रविवार, २५ जानेवारी

कोठून आरंभ करू! लेखणी नाचते आहे.

सकाळी अकराची सभा. दहा वाजता दार वाजले. दारात तनेजा, स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या.

"बाऊजी ने भेजा है," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "बोले, रूल तूने निकाला, अब बीबी जी को तू ला।"

आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसविले. पुढे मी, मागे तनेजा. सत्तारूढ अध्यक्ष आणि विरोधी पक्षाचा कारभारी, एकाच खुर्चीखाली! गिरजोजींची पालखी पानिपतावर राहिली होती. आज ती काही अंशी परत मिळाली, असे मी म्हणणार होतो, परंतु दुसऱ्या मजल्याच्या वळणावर श्वास पुरेना.

"अरे, ये मुड़ेगी नहीं!" तनेजा मागून ओरडले.

"डावीकडून घ्या," आई वरून आज्ञा देत होती. "दिलीप बेटा, तुम ऊपर उठाओ. गुणवंत, तू संस्कृत नंतर म्हण, आधी पायरी बघ."

तिने या वेळी डोळे मिटले नव्हते. वळणावर तनेजा भिंतीला टेकले. घाम त्यांच्या कानामागून ओघळत होता. "हर बार ऐसे लाना पड़ेगा?" त्यांनी हळूच विचारले.

"म्हणून तर आणत नाही," मी मराठीतच म्हणालो. त्यांना कळले असावे, कारण त्यांनी मान डोलावली आणि खुर्ची पुन्हा उचलली.

खाली आल्यावर आईने प्रथम काय केले? हिरवळीपलीकडे भाजीची हातगाडी उभी होती. खुर्ची तिकडे न्यायला लावली, मटाराची शेंग दाबली आणि म्हणाली, "पोकळ. मला माहीतच होतं." भाजीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आले ते आनंदाने की थंड वाऱ्याने, हे मला सांगता येणार नाही.

मी लिहून दिलेले भाषण तिने मांडीवर ठेवले आणि त्यावर चष्मा ठेवला.

"मैं तीसरी मंज़िल से आई हूँ," ती म्हणाली. "सवा साल लगा। ऊपर नायर साहब हैं, शुक्ला जी की माँ थीं। लिफ्ट पीछे लगेगी। बाऊजी की धूप नहीं जाएगी। गुणवंत का स्कूटर जाएगा।"

टाळ्या! मी रथशालेच्या संदर्भात हरकतीचा मुद्दा उपस्थित करण्यासाठी उठलो. चेतनाने माझ्या कोटाचे टोक धरून मला खाली बसविले. मतदान झाले. आई प्रचंड बहुमताने विजयी! तनेजांच्या बाजूने जे थोडे हात वर झाले त्यांत बाऊजींचा नव्हता. ते दोन्ही हातांनी टाळ्या वाजवीत होते. सरंजामे घराणे पुन्हा राजपदी विराजमान झाले. अक्षयाने किंचाळून आजीला मिठी मारली. मी डोळे पुसले. हवेतील धूर आज फारच होता.

मग खरी घटना घडली. अध्यक्षांना वर नेण्यासाठी तनेजांनी आणि मी पुन्हा खुर्चीला हात घातला, तर आई म्हणाली, "ठेवा. मी वर जाणार नाही."

"आई?"

"लिफ्ट झाली की जाईन."

"पण तोवर राहणार कोठे?"

आईने ओट्याकडे पाहिले. मग तनेजांकडे. सर्व सभा ऐकत होती.

"दिलीप बेटा, हम शरणार्थी हैं। पानिपत से आए हैं। जगह मिलेगी?"

तनेजांचे तोंड उघडे राहिले. बाऊजी काठी टेकीत उठले. ते उभे राहिलेले मी प्रथमच पाहिले. "ओए, पूछती क्या हैं बीबी जी! पानिपत वालों ने हमें नहीं रखा था? रज़ाई निकाल, दिलीप!"

नकार देणे अशक्य होते. मी तनेजांच्या जागी असतो तर मीही देऊ शकलो नसतो.

चेतनाच्या दूरदृष्टीचे मला कौतुक वाटले. आईची औषधे, शाल, चार साड्या, दातांची डबी आणि जपमाळ असलेली पिशवी तिने सभेला येताना सहज म्हणून बरोबर आणली होती.

बुधवार, २८ जानेवारी

नव्या समितीची पहिली बैठक अध्यक्षांच्या तात्पुरत्या मुक्कामी, म्हणजे तनेजांच्या पुढील खोलीत झाली. कार्यवृत्त लेखक म्हणून माझी सर्वानुमते नेमणूक झाली. पडद्याआडून राज्य करण्याची माझी मूळ योजना शब्दशः सफल झाली आहे. तनेजांच्या घरी बसायला जागा अपुरी असल्याने मला खरोखर पडद्यालगत स्टूल मिळाले. पडदा उत्तम प्रतीचा आहे.

ठराव पहिला: उद्वाहन मागील बाजूस. तनेजांनी संमतिपत्रावर सही केली. ठराव दुसरा: रथशाला हटविणे. मी भिन्नमत-पत्रिका जोडण्याची अनुमती मागितली. अध्यक्ष म्हणाल्या, "जोड. मग पत्रे उतरव."

तात्यारावांची स्कूटर दुपारी एका भंगारवाल्याने, मोठ्या आदराने, नेली. तिच्या आसनाखाली मांजरीची तीन पिल्ले होती. बाऊजींनी ठेवून घेतली.

अडचण एवढीच की उद्वाहन कंपनीचा माणूस 'देखते हैं जी' एवढेच म्हणतो. परवाने, मोजमाप, आगाऊ नोंदणी. तनेजाही म्हणाले, होली के बाद देखेंगे.

रविवार, १ फेब्रुवारी

आज सकाळी तनेजा तिसऱ्या मजल्यावर आले. एकटे, धापा टाकीत. चेतनाने पाणी दिले. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती.

"सब ठीक?" मी विचारले. "माताजी को कोई कष्ट?"

"माताजी को?" ते हसले, पण त्या हसण्यात प्राण नव्हता. "भाईसाहब, माताजी तो मौज में हैं। सुबह छह बजे बाऊजी और वो ओटे पर बैठ के सब्ज़ी वाले को रोक लेते हैं। शाम को आपका मराठी सीरियल चलता है, बाऊजी को समझ कुछ नहीं आता, रोते पूरा हैं। मेरी वाइफ़ ने मेरी पसंद का खाना बनाना ही बंद कर दिया, अब पिठलं बनता है। कल एक पार्टी आई चादरों की, मैं रेट बोलने लगा तो अंदर से आवाज़ आई, दिलीप बेटा, इतने में मत दो। पार्टी उन्हीं से भाव करके गई। ज़्यादा देके गई!"

"आनंदाची गोष्ट," मी म्हणालो.

"बाऊजी सात साल बाद हँस के नाश्ता करते हैं," ते म्हणाले. "वो तो ठीक है। पर मेरी घर में अब कोई नहीं सुनता।"

मग ते पुढे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक बात पूछूँ? बुरा मत मानना। वो जो आपके पुरखे थे, पानिपत वाले। जिस ज़मींदार के यहाँ रुके थे... कितने दिन रुके?"

इतिहासाशी प्रतारणा करणे माझ्या रक्तात नाही.

"गोठ्यात उतरले तेव्हा चार दिवसांसाठी उतरले होते," मी म्हणालो, आणि त्यांच्यासाठी पुढचे हिंदीतून सांगितले. "वहीं उनका विवाह हुआ। वहीं पुत्र हुए, पौत्र हुए। पौत्र वहीं से वकील बने।"

"और ज़मींदार?"

"उन्होंने अंत में दूसरे गाँव में घर बना लिया।"

तनेजांनी उरलेले पाणी एका घोटात संपविले. खिशातून मोबाइल काढला, उभे राहिले, आणि आमच्या सज्ज्यात जाऊन उद्वाहन कंपनीला फोन लावला.

"हाँ जी, तनेजा बोल रहा हूँ, नवकल्प से। होली-वोली छोड़ो। पैसे मैं एडवांस देता हूँ, आदमी भेजो।" खालून आईचे आणि बाऊजींचे एकत्र हसणे ऐकू आले. तनेजांनी कठड्यावरून खाली पाहिले आणि कान झाकला. "नहीं जी, कल नहीं। आज। अभी भेजो।"